किल्लीचे इमान

मावळच्या गडकोटांचा इतिहास लिहिताना आपल्या इतिहासकारांनी गड घेणाऱ्यांची नावे मोठ्या अगत्याने नोंदविली, गडावर कैदेत पडलेल्यांचीही नोंदविली. परंतु जो मनुष्य सूर्यास्ताला महादरवाजाचा अडसर सरकवी, अंधार पडण्यापूर्वी बंदिवानांची मोजदाद करी, आणि उजाडताना तोच अडसर काढण्यास आपण जिवंत असू याची हमी ज्याला कोणीही दिलेली नसे, त्या राखणदाराचे नाव शोधू जाता बहुधा हाती काहीच लागत नाही. याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपातच आहे. स्वाराचा पराक्रम घडलेल्या गोष्टीवरून मोजला जातो; राखणदाराचा पराक्रम एवढाच, की रात्र सुखरूप उलटली, कोणी पळाले नाही, कोणी दगा केला नाही; आणि जे घडले नाही त्याची बखर लिहिण्याचा प्रघात कोणत्याही दरबारात नव्हता. असा मनुष्य पहाऱ्यावर असता मेला, तर राज्याने त्याची बूज कशी राखली आणि रयतेने कशी राखली, असे मावळातच विचारू गेल्यास उत्तर मोठे चमत्कारिक मिळते.

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी गाडी मळवलीस आली म्हणजे उजव्या हातास भाज्याच्या लेण्यांचा डोंगर दिसतो आणि त्याच्या पाठीशी, गायमुख खिंडीने एकमेकांना जोडलेले, लोहगड व विसापूर हे दोन जुळे किल्ले उभे असतात. त्यांपलीकडे पवनेच्या खोऱ्यात तुंग आणि तिकोना, तर बोरघाटाच्या तोंडाशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले डोक्यावर घेतलेली राजमाची. घाटाचा बंदोबस्त हा या किल्ल्यांचा मूळ हेतू. तथापि जो किल्ला शत्रूला आत येऊ देत नाही तो बंदिवानाला बाहेरही जाऊ देत नाही, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानी येण्यास फारसा वेळ लागला नसावा. लोहगडाची वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून सर्पाकार वळणे घेत चढते. प्रत्येक वळणावर वरच्या तटावरून खालचा मनुष्य नजरेच्या टप्प्यात राहतो आणि प्रत्येक दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या आहेत. एल्गार करून येणाऱ्या फौजेस ही रचना जितकी जाचक, तितकीच ती रात्री दबक्या पावलांनी उतरू पाहणाऱ्या कैद्यासही जाचक होती. चार देवड्यांवरची माणसे एकाच वेळी निजलेली किंवा फितलेली असल्याखेरीज पायवाटेने खाली उतरणे अशक्यच म्हणावयाचे.

निजामशाहीत लोहगडाने एक राजपुत्र सांभाळला. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत त्याचा भाऊ बुऱ्हाण येथे कैदेत होता. पुढे तो सुटला, बंड करून फसला, उत्तरेत अकबराच्या आश्रयास गेला आणि अखेर १५९१ मध्ये अहमदनगरच्या तख्तावर बसला. राजकैदी सांभाळणाऱ्याची खरी अडचण या एका उदाहरणात स्वच्छ दिसते. आज ज्याला आपण बेडी घातली तो उद्या आपला धनी होणार नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. त्याच्याशी निष्ठुर वागावे तर उद्याचे भय, सौम्य वागावे तर आजच्या धन्याचा संशय. आणि या दोहोंच्या मध्ये देवडीवरच्या शिपायाने दोन शेर नाचणीवर आपले इमान शाबूत ठेवावे, अशी सरकारची अपेक्षा!

शिवाजी महाराजांनी गडांची जी व्यवस्था लावली ती या अडचणीवरचे उत्तर होते. हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तिघे अधिकारी भिन्न जातींचे, परस्परांवर नजर ठेवणारे, आणि एकट्याच्या मर्जीने किल्ला शत्रूच्या हवाली होऊ न देणारे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. तटाच्या आत नाईकवाडी, तटाखाली घेऱ्यातील मेटांवर, म्हणजे चौक्यांवर, कोळी, रामोशी, महार, बेरड. यांना डोंगराची प्रत्येक घळ ठाऊक, कोणत्या कड्यावरून घोरपडीसारखा मनुष्य चढू किंवा उतरू शकेल हेही ठाऊक. हे मेटकरी पगारापेक्षा जमिनीवर व वतनावर जगत. म्हणजे त्यांची नोकरी वंशपरंपरेची, आणि नोकरीतला धोकाही वंशपरंपरेचा. १६६५ मध्ये जयसिंगाच्या फौजा लोहगड, विसापूर आणि तिकोन्याच्या घेऱ्यात उतरल्या व त्यांनी खेडी जाळली, तेव्हा जी घरे जळली त्यांत या मेटकऱ्यांचीही असणारच. पुरंदरच्या तहाने हे किल्ले मोगलांकडे गेले, १६७० मध्ये परत आले. सदरेवरचा धनी बदलला, मेटांवरची माणसे बहुधा तीच राहिली.

लोणावळ्याचे नाव या कथेत १७१३ च्या सुमारास येते. शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेला आणि स्वतःच त्यांच्या कैदेत पडला. लोहगडही आंग्र्यांच्या हाती गेला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पेशवाईची वस्त्रे बाळाजी विश्वनाथास मिळाली, आणि लढाईपेक्षा बोलणे बरे असे मानणारा हा चतुर पुरुष लोणावळ्यास येऊन कान्होजींना भेटला. १७१४ च्या फेब्रुवारीत तह ठरला. कान्होजींनी शाहूचा पक्ष पत्करावा, राजमाचीखेरीज घेतलेली ठाणी परत द्यावीत, त्यांचे सरखेलपद आणि त्यांच्याकडचे किल्ले कायम राहावेत, आणि पिंगळ्यांस मुक्त करावे. आज लोणावळ्यास चिक्कीच्या पुड्यासाठी उतरणाऱ्या गर्दीला हे सांगून उपयोग नाही. पण मराठी राज्याची पुढील शंभर वर्षांची घडी ज्या वाटाघाटीने बसली तिचे एक कलम एका बंदिवानाचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो बंदिवान जिवंत, धडधाकट आणि परत देण्यासारखा होता म्हणून ते कलम लिहिता आले. कैदी पळू न देणे हे राखणदाराचे अर्धे काम. त्याला मरू न देणे, कोणाला मारू न देणे, त्याच्या ताटात विष पडू न देणे हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते अधिक अवघड. ज्यांनी ते महिनोन् महिने केले त्यांच्यापैकी एकाचेही नाव तहाच्या कागदात नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते.

राखणदार चुकला तर काय होते, ते मात्र याच घाटात सर्वांनी पाहिले. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तो समाचार कधी मानला नाही आणि सौभाग्यलेणे उतरविले नाही. लोकांच्या मनातही संशयाला जागा राहिली. त्या जागेत उत्तरेकडील एक कनोजी ब्राह्मण येऊन बसला. आपणच भाऊसाहेब, असे तो सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात बंदोबस्ताने ठेवला गेला. माधवराव वारले, नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय केला, आणि पुण्यातील कारभारी आपापसांतील तेढीने गांजून गेले असता, १७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्याच कैद्यास मोकळे करून त्याचा पक्ष धरला. कारागृहाच्या अधिकाऱ्याने बंद्याला मुजरा करावा, याहून त्या व्यवस्थेचा दारुण पराजय तो कोणता? कोकणातले किल्ले एकामागून एक तोतयाच्या हाती गेले, हजारो माणसे निशाणाखाली जमली, आणि हा मनुष्य बोरघाट चढून थेट राजमाचीवर येऊन बसला.

राजमाचीवर त्याच्याशी पुण्याहून शरणागतीची बोलणी लागली. आपले म्हणणे कारभाऱ्यांना पटत चालले या भ्रमात तो असतानाच ताज्या फौजेनिशी पुण्याचे सरदार त्याच्यावर अकस्मात तुटून पडले आणि त्याचा जमाव घाटाखाली उधळला गेला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्या वर्षी ती सारी मोहीम निकालात काढली. तोतया समुद्रमार्गे निसटू पाहत असता कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यास आणला गेला, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त प्रायश्चित्त मिळाले. एका सुभेदाराचे इमान सुटले, त्याची भरपाई कोकणपट्टीने आणि मावळाने वर्षभर रक्ताने केली. या प्रकरणातील सर्वांची नावे बखरींतून आणि इंग्रजी ग्रंथांतून आपल्याला मिळतात, परांजप्यांचेही मिळते. परंतु तोतयाच्या लोकांनी कोकणातले किल्ले घेतले तेव्हा एखाद्या देवडीवर ‘धन्याचा हुकूम नाही, अडसर निघणार नाही’ असे म्हणून जो कोणी उभा राहिला असेल, त्याचे नाव मिळत नाही.

बेइमानीचा स्मृतिग्रंथ असा भरगच्च आहे. शिवनेरीवर नाना फडणविसांनी दुसऱ्या बाजीरावास भावासह अटकेत ठेवले, तेव्हा देखरेखीवरच्या बळवंतराव नागनाथाने बाजीराव आणि सवाई माधवराव यांच्यामध्ये चिठ्ठ्या पोहोचविल्या. उघडकीस येताच १७९५ मध्ये राखणदाराच्याच पायांत बेड्या पडल्या आणि तो दुसऱ्या किल्ल्यावर रवाना झाला. ज्यांनी चिठ्ठ्या पोहोचविल्या नाहीत त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी बखर मिटून जमाखर्च उघडावा लागतो.

तेथे तो मनुष्य भेटतो. मराठी राज्याच्या दफ्तरांत ‘बालपरवेशी’ म्हणून एक सदर आहे. सरकारकामी जो पडला त्याच्या मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक, असा त्याचा अर्थ. या रिवाजाचे मूळ पेशवाईहून जुने आहे. सभासदाने अफजलखानाच्या वधानंतरची जी व्यवस्था लिहून ठेवली आहे तीत, जे लोक युद्धात पडले त्यांच्या मुलांना चालविण्याचा, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना अर्धे वेतन देण्याचा, आणि जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत देण्याचा तपशील येतो. बक्षीस, कडी-तोडे, हत्ती-घोडे ही जिवंत वीरांची वाटणी. मेलेल्याच्या वाट्याला हे ‘चालविणे’. पुढे पानिपतानंतर तर अशा नेमणुकांनी दफ्तरे भरली.

बालपरवेशी म्हणजे नुसती खैरात नव्हे, हे तिच्या रीतीवरून कळते. कधी रोख रक्कम, कधी कोठीवरून धान्य, कधी जमिनीचा तुकडा. आणि कित्येकदा बापाची असामी मुलाच्या नावे कायम. म्हणजे पोर पाळण्यात असतानाच त्याचे नाव हजिरीपटावर चढे आणि ते हाती भाला धरण्याजोगे होईपर्यंत त्याचे काम भाऊबंद चालवीत. आजच्या हिशेबनिसाला ही खोटी हजेरी वाटेल. मला ती राज्यकारभारातील अत्यंत सभ्य अशी गोष्ट वाटते. कारण मेलेला शिपाई पटावरून खोडला जाण्याऐवजी त्याच्या जागी त्याचेच रक्त लिहिले जाई, आणि सबनीस दर महिन्याला हजिरी घेताना ते नाव उच्चारी. सन्मानासाठी समारंभ लागतोच असे नाही; कोठीवर दर पंधरवड्यास मोजून मिळणारी नाचणी हाही सन्मानच आहे, आणि तो पोट भरतो. आता या रिवाजाला नाव ठेवण्याजोगे काही नव्हते असे मात्र समजू नये. नेमणूक तुंबे, कारकून दस्तुरी मागे, धनी बदलला की सनद नव्याने करून घ्यावी लागे, आणि दरबारी ओळख असलेल्या सरदाराच्या मुलास जे सहज मिळे ते मेटावरच्या कोळ्याच्या विधवेला किती खेटे घातल्यावर मिळे, याची कल्पना कोणालाही करता येईल.

लोहगडावर एक दंतकथा अशी सांगतात, की गणेश दरवाजाचे काम टिकेना म्हणून त्याच्या पायात साबळे घराण्यातील एका स्त्रीपुरुषाच्या जोडप्याचा बळी दिला गेला आणि मोबदला म्हणून त्या कुळाला लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली. गॅझेटियरकारांनीही ती नमूद केली आहे. खरेखोटे ठरविण्यास साधन नाही, आणि पायातल्या बळींच्या अशाच कथा अनेक किल्ल्यांवर ऐकू येतात. तरी या कथेचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. दरवाजा उभा राहायचा तर जीव द्यावा लागतो, आणि जीव घेतला तर कुळाला चालवावे लागते. बालपरवेशीचा सरकारी शिरस्ता लोकांच्या मनात किती खोल गेला होता, हे मला तरी त्यातून दिसते.

लोकांची स्वतःची रीत निराळी होती. मावळातल्या पुष्कळ गावी भैरवनाथाच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी वीरगळ पडलेले आढळतात. गुडघ्याएवढी किंवा कमरेएवढी शिळा, तिच्यावर एकावर एक चौकटी. सर्वांत खाली लढणारा अथवा पडलेला वीर, बहुधा समोर गाईंचा कळप. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच पुरुष, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. काळ्या बेसाल्टवर शेकडो पावसाळे गेल्यामुळे नाकडोळे झिजून सपाट झालेले असतात, शेंदराचे थर मात्र जाड असतात. लेख क्वचित. गाव राखताना जो मेला त्याची ही आठवण. नाव पुसले गेले, कामाची जात तेवढी राहिली. परंतु बंदिवान राखताना मेलेल्याचा वीरगळ मला तरी ठाऊक नाही. गाय सोडवून आणताना मेलेल्याबद्दल गावाला कृतज्ञता वाटते. राजाचा कैदी अडवून धरताना मेलेल्याबद्दल ती का वाटावी? तो कैदी गावाचा शत्रू असतोच असे नाही, कधीकधी तो गावाचाच मुलगा असतो. तुरुंगावरच्या नोकरीला समाजात जो एक दुरावा चिकटलेला आहे तो इतका जुना आहे.

उलट ज्या अधिकाऱ्याची समाधी मावळाने खरोखर जपली तो शत्रूकडचा. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. घाटमाथा धरून ठेवण्याचे काम कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याच्याकडे होते. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या चकमकींत हा तरुण अधिकारी अशा धिटाईने पुढे राहिला, की मराठ्यांच्या लष्करातच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणू लागले. आणि ‘फाकडा’ ही पदवी त्या काळी मराठ्यांनी मानाजी शिंदे व कोन्हेरराव एकबोटे यांच्यासारख्या आपल्या निवडक मर्दांना दिलेली होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला. पुढे तळेगावापर्यंत जाऊन, तोफा तळ्यात ढकलून देऊन परत फिरलेली ती फौज वडगावास कोंडली गेली आणि १६ जानेवारीस तिला तह पत्करावा लागला. स्टुअर्टची समाधी वडगाव मावळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. लोक तेथे फुले वाहतात, नारळ फोडतात, नवस बोलतात. ठाण्यातले शिपाईही त्यास मान देतात. एका ख्रिस्ती कप्तानाला मावळाने राखणदार दैवत करून टाकले, यावर आमचे काही विद्वान नाक मुरडतात. मला ती मावळची खानदानी वाटते. तथापि ज्या ठाण्यात हे थडगे आहे त्याच ठाण्याच्या कोठडीवर, आरोपी आत घालून, रात्रभर पहारा देणारा हवालदार उभा असतो. परक्या कप्तानाला नारळ आणि आपल्या पहारेकऱ्याला नजरेआड करणे, हे दोन्ही एकाच आवारात घडते.

त्याच वडगावच्या तहानंतर फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट (हा दुसरा) असे दोन इंग्रज ओलीस म्हणून महादजी शिंद्यांकडे राहिले. मुंबईकरांनी तह मोडला. ओलिसांचा जीव घेण्यास शिंद्यांना कायद्याने म्हणा किंवा क्रोधाने म्हणा पुरेसे निमित्त होते. १७८० मध्ये त्यांनी त्यांना सन्मानाने परत पाठविले. ओलीस वर्षभर ज्यांच्या चौकीत सुखरूप होते ती माणसे कोण, हे येथेही विचारू नये.

एकाच राखणदाराचे नाव लोहगडावर दगडात कोरले गेले, आणि तेही त्याने विहीर बांधविली म्हणून. नानांच्या हितासाठी जावजी बांबळे या कोळी नाईकाने बाणांचा मारा करून लोहगड घेतला, त्यानंतर गड धोंडो बल्लाळ नित्सुरे याच्या हवाली झाला. नानांचे द्रव्य त्याच्या किल्लीखाली होते. शके १७११ मध्ये, म्हणजे १७८९ साली, त्याच्या देखरेखीखाली तेथे सोळा कोनांची बाव बांधली गेली. तिच्यावरच्या लेखात नानांबरोबर त्याचेही नाव आहे. १८०० मध्ये नाना वारले. धनी गेला, द्रव्यावर बाजीरावाचा डोळा, सभोवार शिंदे-होळकरांचा धुमाकूळ. अशा वेळी नित्सुऱ्याने किल्ला सोडला नाही, आणि नानांची तरुण विधवा जिऊबाई आश्रयास आली तेव्हा तिलाही त्याने सांभाळले. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने तोड निघाली. जिऊबाईस पनवेलीस राहण्याची मोकळीक आणि सालिना बारा हजार रुपयांची नेमणूक ठरली, तेव्हाच नित्सुऱ्याने गड खाली केला. स्वतःसाठी किल्ला किंवा धन्याच्या विधवेसाठी नेमणूक, असा सौदा करण्याची संधी असता त्याने त्यांतले दुसरेच मागितले. तो पहाऱ्यावर मेला नाही; पण पहारा म्हणजे काय हे त्याच्याइतके स्वच्छ फार थोड्यांना कळले असेल.

इंग्रजांनी ही सारी व्यवस्था उलटी केली. त्यांचा सिद्धान्त असा, की राखणदार स्थानिक नको, म्हणजे फितूर होणार नाही. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाबद्दल त्रिंबकजी डेंगळ्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले तेव्हा पहारा निखळ गोऱ्यांचा होता. एक मोतद्दार घोड्याला खरारा करीत खिडकीखाली मराठीत गाणी म्हणे. त्या गाण्यांत पळण्याचा सगळा बेत असे, आणि गोरे शिपाई बहुधा त्याच्या गळ्याचे कौतुक करीत उभे असत. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटला. कैद्याची भाषा न जाणणारा पहारा बेइमान होत नाही, पण त्याला काही ऐकूही येत नाही!

१८१८ च्या मार्चात कर्नल प्रॉथरने विसापूर घेतला आणि दुसऱ्या दिवशी लोहगड रिकामा मिळाला. किल्ल्यांचे तुरुंगपण हळूहळू संपले, मेटे ओस पडली. जुन्या गडकऱ्यांच्या जमिनींना हात लागला म्हणजे काय होते, हे १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात दिसले. गडांच्या शेतसनदा मामलेदारांच्या कारभाराखाली नेण्यास सुरुवात होताच सामानगडचे गडकरी बिथरले, बंड पन्हाळ्यापर्यंत पसरले, आणि गडकऱ्यांनी कर्नल ओव्हन्स या बड्या इंग्रज अधिकाऱ्यासच पन्हाळ्यावर अटकेत टाकले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठी किल्ली सांभाळणाऱ्यांनी ती प्रथमच आपल्या हक्कासाठी फिरविली. डिसेंबरात पन्हाळा पडला, बंड मोडले. इंग्रजी इतिहासांत ते राजद्रोहाच्या सदरात घातले आहे. खरे पाहता ते वेतनाचे गाऱ्हाणे होते, आणि त्याच्या मुळाशी ‘मेल्यावर मुलास चालवावे’ हा करार मोडल्याची चीड होती.

मग तुरुंग सपाटीवर आले. १८७१ मध्ये येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह झाले, १८९४ मध्ये कारागृहांचा कायदा झाला, आणि राखणदार हा वतनदार न राहता पगारी नोकर झाला. मुख्य काम मात्र बदलले नाही. सायंकाळी बंदी होते, गिनती जुळेपर्यंत कोणी जागचा हलत नाही. आतल्या पहाऱ्यावरचा शिपाई बंदूक घेऊन बराकीत जात नाही, कारण ती हिसकावली जाण्याचे भय अधिक. शेकडो माणसांमध्ये हा एक मनुष्य हाती काठी, कमरेला किल्ल्या आणि तोंडात शब्द एवढ्यावर उभा असतो. तो जखमी झाला किंवा मेला तर वर्तमानपत्रात बातमी बंद्याच्या नावाने येते. राष्ट्रपतींची सुधारसेवा पदके आहेत, प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी ती जाहीर होतात. २१ ऑक्टोबरला, १९५९ मध्ये लडाखात पडलेल्या दहा शिपायांच्या स्मरणार्थ, देशभर पोलिसांची मानवंदना होते. तुरुंगाच्या वसाहतीत मात्र कोणी कामावर असता वारला, की चौथ्या दिवशी बायका हलक्या आवाजात जी चौकशी करतात ती पदकाची नसते. ‘अनुकंपाचे काय?’ असे त्या विचारतात. अनुकंपा तत्त्वावर मुलास किंवा पत्नीस नोकरी, ही बालपरवेशीचीच आजची शाखा. प्रतीक्षायादी, शैक्षणिक अर्हता, वारसाचे प्रमाणपत्र, ना-हरकत दाखला अशी तिचीही मेटे आहेत, आणि विधवेचे खेटेही तेच आहेत.

लोहगडाचे नाव आता, २०२५ पासून, जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर लागले आहे. गडावर नव्या पाट्या लागतील. त्यांवर विंचूकाटा माचीची लांबी, सोळाकोनी बावेचा शक, सुरतेहून गडावर आणलेल्या संपत्तीची हकीकत येईल, आणि यावीच. पुरातत्त्व खात्यास माझी एवढीच विनंती आहे, की चारही दरवाजांच्या देवड्यांपाशी, जेथे आज पर्यटक पाण्याच्या बाटल्या टाकतात, तेथे एक पाटी देवडीवरच्या माणसांची असावी. नावे उपलब्ध नाहीत ही सबब नको. हुद्दे उपलब्ध आहेत, कामाचा तपशील उपलब्ध आहे, आणि ते मेल्यावर त्यांच्या मुलांना काय द्यावयाचे याचा शिरस्ताही दफ्तरात उपलब्ध आहे. तो रुपये, होन आणि शेरांच्या आकड्यांसह तेथे लिहावा.